शेतकरी आणि दिवाणी दावा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस करंजाडे येथील एक वृद्ध कास्तकार आमच्या घरीं आले. हातांत पिशवी, पिशवींत चार घड्या घातलेला कागद. पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्यावर त्यांनीं हळूच विषय काढला. "भाऊसाहेब, कोर्टाचा माणूस आला होता. मीं कागद घेतला; पण धाकट्या भावानें दार लावून घेतलें. कागद घेतलाच नाहीं म्हणजे दावा लागूं होत नाहीं, असें गांवांत सगळे म्हणतात. मग मींही हा परत करावा काय?"

तो कागद म्हणजे पनवेलच्या दिवाणी न्यायालयाचें समन्स होतें. या गृहस्थांची जमीन नवी मुंबईसाठीं गेली. तिच्या बदल्यांत साडेबारा टक्के योजनेखालीं भूखंड मिळाला. वारस दाखल्याच्या अर्जांत तीन भावांचीं नांवें लिहिलीं गेलीं, पण दोन बहिणींचीं राहिलीं. बहिणी आतां हयात नाहींत. त्यांच्या मुलांनीं हिश्शासाठीं दावा लावला आहे.

त्यांच्या प्रश्नाचें आम्हांस हसूं आलें नाहीं. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आमच्या चुलत्यांस असेंच एक समन्स आलें होतें. दूरच्या भाऊबंदांनीं एका खाचराची मालकी व कब्जा मागितला होता. सातबारा काकांच्या नांवें, शेतसाऱ्याच्या पावत्या काकांच्या नांवें, वहिवाट काकांची. आम्हीं मोठ्या ऐटीनें सांगितलें, "काका, उतारा तुमच्या नांवें असतां कोणी कांहीं करूं शकत नाहीं. लावणीचे दिवस आहेत, कोर्टाचे हेलपाटे कशाला घालतां?" काकांनीं कागद आढ्याला खोचून ठेवला. पुढें बेलीफ कब्जाचें वॉरंट घेऊन बांधावर उभा राहिला, तेव्हां एकतर्फी हुकूमनामा झाल्याचें आम्हांस कळलें. तो रद्द करण्यासाठीं अर्ज केला. पण समन्स रीतसर बजावल्याची नोंद होती, तीस दिवसांची मुदत केव्हांच सरली होती, आणि "पुतण्यानें असें सांगितलें" हें उशिराचें कारण न्यायालयास पटण्याजोगें नव्हतें. खाचर गेलें. काकांनीं आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. पण तो सल्ला आम्हांस अजून बोचतो.

यासाठीं दिवाणी कामाची सामान्य माहिती शेतकरी बंधूंपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. आम्ही वकील नाहीं. कचेरींतील टेबलावर न्यायालयाचे हुकूम, वाटपाचे तक्ते आणि मोजणीचे नकाशे पुष्कळ वर्षें हाताळले, एवढाच आमचा अधिकार. कोणाच्या घरांतील मुलगा नुकताच कायद्याच्या वर्गांत बसला असेल, तर त्यासही या लेखाचा उपयोग व्हावा.

आजची पद्धति कोठून आली

मराठेशाहींत जमिनीचा अथवा वतनाचा तंटा गोतसभेपुढें चाले. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार व आसपासच्या गांवांतील जाणते लोक सभेस बसत. दाद मागणारा तो अग्रवादी व उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांकडून आरंभींच 'राजीनामा' लिहून घेत. राजीनामा या शब्दाचा अर्थ त्या काळीं निराळा होता. सभा जो निवाडा करील तो आम्हांस मान्य आहे, अशी ती कबुली असे. पुढें दोघांच्या तकरिरी, जामीन, साक्षी, आणि शेवटीं निर्णयाचा महजर. गांवांत न मिटलेलें प्रकरण वर जाई, आणि पेशवाईंत रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारखा न्यायाधीश तें पाही. विचारपूर्वक पाहिलें तर दावा, कैफियत, पुरावा व निवाडा हीं चारही अंगें त्या पद्धतींत होतींच.

१८१८ सालीं राज्य पालटलें. १८२७ सालीं एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत मुंबई इलाख्यासाठीं कायद्यांचा संच झाला. त्यांतील आठव्या क्रमांकाचा कायदा वारसांच्या दाखल्याबद्दलचा असून, तो आजही करंजाड्याच्या घरोघर उपयोगांत येतो. त्याविषयीं पुढें लिहूं. १८५९ सालीं दिवाणी कामाची पहिली संहिता झाली. १८६२ च्या ऑगस्टांत मुंबईचें उच्च न्यायालय सुरू झालें. १८६९ च्या कायद्यानें जिल्हा व तालुका पातळीवरील दिवाणी न्यायालयांची रचना ठरली. सध्यां चालूं असलेली संहिता १९०८ ची असून ती १ जानेवारी १९०९ पासून अंमलांत आहे. तिचे दोन भाग ध्यानांत ठेवावे. पहिल्या भागांत १५८ कलमें असून त्यांत न्यायालयांचे अधिकार सांगितले आहेत. दुसऱ्यांत ५१ आदेश असून प्रत्यक्ष काम कसें चालवावें याचे नियम आहेत. १९७६, १९९९ व २००२ सालीं तींत मोठ्या दुरुस्त्या झाल्या.

या इतिहासांत शेतकऱ्यास विसरतां न येणारें एक प्रकरण आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणबी सावकारांच्या घरांवर चालून गेले व त्यांनीं कर्जरोख्यांची होळी केली. पुणें व नगर जिल्ह्यांत हा वणवा पसरला. सरकारनें नेमलेल्या मंडळानें चौकशी केली तेव्हां दिसून आलें कीं, शेतकऱ्यांवरील दाव्यांपैकीं फार मोठा भाग एकतर्फी निकालांत निघत होता. कुणबी न्यायालयांत जातच नसे. सावकार रोखा दाखवी आणि हुकूमनामा घेऊन परत येई. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांस साह्य करणारा कायदा झाला. रोख्याच्या मागें जाऊन मूळ हिशेब तपासण्यास त्यानें न्यायाधीशास सांगितलें, आणि कर्जाच्या हुकूमनाम्यापायीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकण्याची चाल बंद केली. तो कायदा पुढें इतिहासजमा झाला. परंतु समन्स आढ्याला खोचण्याची संवय गेली नाहीं, हें आमच्याच घरानें दाखविलें.

कोणत्या दारीं जावें

शेतकऱ्याची पहिली चूक येथेंच होते. जमिनीचा वाद उत्पन्न झाला कीं तो प्रथम तलाठ्याकडे धांवतो, कारण कागद तेथें असतात. फेरफार, सातबारा व आठ-अ हे महसुलाचे कागद आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची असून तिच्या १५७ व्या कलमाप्रमाणें हक्कनोंदणींतील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. या वाक्यांतील 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत' हे शब्द आम्ही काकांस सांगावयास विसरलों. नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं व नष्टही होत नाहीं. मालकीचा अखेरचा निर्णय दिवाणी न्यायालय करितें.

संहितेच्या नवव्या कलमाचा आशय असा कीं, दिवाणी स्वरूपाचा प्रत्येक दावा दिवाणी न्यायालय चालवील. मात्र एखाद्या कायद्यानें स्पष्टपणें अथवा ओघानें मनाई केली असल्यास चालविणार नाहीं. शेतजमिनीच्या बाबतींत ही मनाई अनेक ठिकाणीं आहे, म्हणून दारें निरनिराळीं ओळखावीं.

कूळ आहे किंवा नाहीं हा प्रश्न १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणें तहसीलदारानें ठरवावयाचा आहे. दिवाणी दाव्यांत असा मुद्दा निघाला तर न्यायालय तेवढा मुद्दा तहसीलदाराकडे पाठवून निर्णय मागवितें. आमच्या जिल्ह्यास या विषयाचा इतिहास सांगण्याची गरज नाहीं. चरी येथील कुळांचा संप १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानें सुरू झाला व वर्षानुवर्षें चालला. कूळकायद्याच्या मुळाशीं त्या उपासमारीचें मोल आहे.

शेताकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता कोणी अडविला, पाण्याचा नैसर्गिक प्रवाह बांध घालून रोखला, किंवा कब्जा बळानें घेतला, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखालीं तहसीलदाराकडे अर्ज करितां येतो. तो सहा महिन्यांच्या आंत केला पाहिजे. कब्जा हिसकावला गेल्यास, मालकीचा वाद बाजूस ठेवून केवळ कब्जा परत मिळविण्याचा दावा दिवाणी न्यायालयांतही लावतां येतो. त्यासही मुदत सहाच महिन्यांची.

मालकी ठरविणें, हिश्शाचें वाटप, खरेदीखत रद्द करणें, गहाण सोडविणें, अतिक्रमण काढणें, मनाई हुकूम मिळविणें हीं कामें दिवाणी न्यायालयाचीं. स्थावर मिळकतीचा दावा मिळकत जेथें असेल तेथेंच लावावा लागतो, आणि अधिकार असलेल्यांपैकीं सर्वांत खालच्या पायरीच्या न्यायालयांत लावावा लागतो. करंजाड्याच्या जमिनीचा दावा त्यामुळें पनवेलीस. दाव्याच्या किंमतीप्रमाणें दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर अथवा वरिष्ठ स्तर यांच्यापुढें. त्यांच्यावर जिल्हा न्यायाधीश, त्यांच्यावर मुंबईचें उच्च न्यायालय आणि सर्वांवर दिल्लीचें सर्वोच्च न्यायालय. कोल्हापूर येथें १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचें फिरतें पीठ बसूं लागलें, परंतु रायगड जिल्हा मुंबईकडेच आहे.

दावा कसा चालतो

दाव्याचा आरंभ वादपत्रानें होतो. त्यांत पक्षकार कोण, दाव्यास कारण केव्हां घडलें, मिळकत कोणती व मागणें काय, हें स्पष्ट असावें लागतें. मिळकतीचें वर्णन करितांना सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र व चतुःसीमा अचूक द्याव्या. हिस्सा नंबर चुकल्यामुळें हुकूमनामा हातांत असूनही कब्जा न मिळालेलीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. वाटपाच्या दाव्यांत सर्व हिस्सेदार पक्षकार असलेच पाहिजेत. एक बहीण राहिली तरी दाव्यांत व्यंग राहतें. सरकारविरुद्ध दावा असल्यास सामान्यतः दोन महिने आधीं नोटीस द्यावी लागते. सोबत कोर्ट फी भरावी लागते. मिळकतीच्या वादांत स्त्रियांस ती महाराष्ट्र शासनानें १९९४ सालीं माफ केली आहे.

वादपत्र दाखल झाल्यावर प्रतिवादीस समन्स निघतें. करंजाड्याच्या त्या गृहस्थांचा प्रश्न येथें येतो. समन्स घेण्याचें नाकारल्यानें दावा थांबत नाहीं. बेलीफ नाकारल्याचा पंचनामा करितो, दारावर प्रत चिकटवितो, आणि न्यायालय बजावणी झाली असें धरून पुढें जातें. दार लावून घेणाऱ्या भावाचें इतकेंच होतें कीं, वादपत्राची प्रत त्याच्या हातीं पडत नाहीं. आपल्यावर काय आरोप आहे हें न वाचतां तो आपला बचाव हरतो.

समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत द्यावयाची असते. न्यायालय कारणें लिहून ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवितें. त्यापुढें सवलत क्वचितच मिळते, आणि मिळाली तरी बहुधा खर्च भरून. कैफियतींत वादपत्रांतील प्रत्येक विधानास उत्तर द्यावें. जें विधान नाकारलें नाहीं तें कबूल धरलें जाण्याचा धोका असतो. "सर्व मजकूर खोटा आहे" एवढें मोघम लिहून भागत नाहीं.

मग न्यायालय मुद्दे काढतें. वादी एक म्हणतो, प्रतिवादी दुसरें म्हणतो. ज्या गोष्टींवर दोघांचें जुळत नाहीं तितक्याच गोष्टी मुद्दे होतात. मुद्द्यांचा कागद शेतकऱ्यानें वकिलाकडून समजावून घ्यावा. कोणता मुद्दा कोणी सिद्ध करावयाचा हें तेथेंच लिहिलेलें असतें, आणि पुरावा त्याच धोरणानें गोळा करावा लागतो.

पुराव्यांत साक्षीदाराची सरतपासणी हल्लीं प्रतिज्ञापत्रावर होते. उलटतपासणी मात्र तोंडीं होते. जो कागद दाखल करावयाचा त्याची मूळ प्रत अथवा सहीशिक्क्याची नक्कल लागते. बांधाच्या वादांत न्यायालय बहुधा कमिशन काढून भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी करवितें, कारण तोंडी साक्षींनीं बांध सरळ होत नाहीं. मोजणीच्या दिवशीं स्वतः हजर राहावें. आपली खूण दाखवावी, हरकत असल्यास तेथेंच लेखी द्यावी. नकाशा आल्यावर केलेल्या तक्रारीस वजन कमी पडतें.

दावा चालूं असतां मिळकतीचें स्वरूप बदलूं नये म्हणून तूर्तातूर्त मनाई हुकूम मागतां येतो. त्यासाठीं तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : वरवर पाहतां आपला हक्क दिसतो, हुकूम न दिल्यास होणारें नुकसान पैशानें भरून येणारें नाहीं, आणि हुकूम दिल्यानें दुसऱ्याची होणारी अडचण आपल्या अडचणीहून कमी आहे. उलटपक्षीं, आपल्याविरुद्ध कोणी असा हुकूम आपणांस न कळवितां घेईल अशी भीति असल्यास आधींच कॅव्हेट दाखल करावें; तें नव्वद दिवस टिकतें. दाव्यांतील जमीन दुसऱ्यानें मध्यंतरीं विकूं नये यासाठीं आपल्या राज्यांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. दावा प्रलंबित असल्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी. तशी नोंद केल्यास मागाहून खरेदी घेणारा दाव्याच्या निकालानें बांधला जातो.

युक्तिवाद झाल्यावर निकाल व त्यावरून हुकूमनामा होतो. निकालांत कारणें असतात. हुकूमनाम्यांत कोणी काय द्यावें व कोणी काय घ्यावें एवढेंच असतें. एकदां अखेर झालेला वाद त्याच पक्षकारांस त्याच मुद्द्यावर पुन्हां उकरतां येत नाहीं. हा नियम कठोर वाटतो. पण तो नसता तर एका बांधाचा दावा नातवाच्या नातवापर्यंत गेला असता.

मुदतीचें पंचांग

शेतकरी पेरणीची वेळ चुकवीत नाहीं, पण कायद्याची मुदत सहज चुकवितो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यांतील नेहमीं लागणाऱ्या मुदती येथें एकत्र देतों. या पानाची घडी करून सातबाऱ्याच्या कागदांत ठेवावी.

मालकीच्या जोरावर कब्जा मागण्याचा दावा १२ वर्षें, प्रतिपक्षाचा कब्जा विरोधी झाल्यापासून.
केवळ हक्क जाहीर करून मागण्याचा दावा ३ वर्षें.
गहाण सोडविण्याचा दावा ३० वर्षें.
एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज ३० दिवस. हे दिवस हुकूमनाम्यापासून मोजतात. समन्स रीतसर बजावलेलें नसेल तर माहिती झाल्यापासून.
गैरहजेरींत निकालांत काढलेला दावा पुन्हां नंबरावर घेण्याचा अर्ज ३० दिवस.
मयत पक्षकाराचे वारस दाखल करण्याचा अर्ज ९० दिवस.
जिल्हा न्यायालयांत अपील ३० दिवस. उच्च न्यायालयांत ९० दिवस.
हुकूमनाम्याच्या बजावणीची दरखास्त सामान्यतः १२ वर्षें.

अपिलासाठीं नक्कल मिळण्यास लागलेले दिवस मुदतींतून वजा होतात. म्हणून निकालाच्याच दिवशीं नकलेचा अर्ज द्यावा. योग्य कारण असल्यास न्यायालय अपिलाचा व अर्जांचा उशीर माफ करितें, पण मूळ दाव्याच्या मुदतीस ही माफी नाहीं. वारसांच्या मुदतीकडे विशेष लक्ष असावें. दावा चालूं असतां घरांतील वडील माणूस मरण पावतें, दिवस-कार्य होतें, सुतक फिटतें, आणि तीन महिने कसे गेले तें कोणास कळत नाहीं. तेवढ्यांत त्या माणसापुरता दावा संपुष्टांत येतो. तो उठविण्यासाठीं आणखी साठ दिवस मिळतात. पुढें प्रत्येक दिवसाच्या उशिराचें कारण सांगावें लागतें.

हुकूमनामा मिळाला, पुढें काय

पुष्कळांस वाटतें कीं निकाल लागला म्हणजे जमीन मिळाली. वस्तुतः तेथून दुसरा प्रवास सुरू होतो. प्रतिवादी आपण होऊन हुकूम पाळीत नसेल तर दरखास्त लावावी लागते, आणि बेलीफाकडून कब्जा घ्यावा लागतो. शेतसारा देणाऱ्या जमिनीच्या वाटपांत हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. संहितेच्या ५४ व्या कलमाप्रमाणें प्रत्यक्ष सरस-निरस पाहून हिस्से पाडणें हें महसूल खात्याचें काम. असे कागद आमच्या टेबलावर येत. कित्येकदां वादी, प्रतिवादी व पंच हे सर्व निवर्तलेले असत, आणि आम्ही नोटिसा काढीत असूं त्यांच्या नातवंडांस. ज्यांनीं हुकूमनाम्याबरोबर चालू सातबारा, मोजणीचा नकाशा व वारसांचे पत्ते वेळच्या वेळीं दिले, त्यांचें काम लवकर होई.

पैशाच्या हुकूमनाम्यांत शेतकऱ्यास कायद्यानें एक ढाल दिली आहे. साठाव्या कलमाप्रमाणें शेतीचीं अवजारें, शेतीस लागणारीं गुरें व बियाणें, आणि शेतकऱ्याचें राहतें घर यांवर सामान्यतः जप्ती आणतां येत नाहीं. जप्तीचा माणूस दारांत आला तर हा मुद्दा न्यायालयापुढें अर्जानें मांडावा. बेलीफाशीं हुज्जत घालूं नये.

सरकारनें घेतलेल्या जमिनींविषयीं

आमच्या भागांत हा विषय टाळतां येत नाहीं. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें. योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या लढ्यांत १९८४ च्या जानेवारींत जासईच्या परिसरांत गोळीबार होऊन पांच शेतकरी बळी गेले. साडेबारा टक्के भूखंडाची योजना या लढ्याचें फळ होय.

न्यायालयाच्या मार्गाचें बोलावयाचें तर १८९४ च्या भूसंपादन कायद्यांत अठरावें कलम होतें. निवाड्याची रक्कम कमी वाटल्यास ठराविक मुदतींत अर्ज करावा, म्हणजे जिल्हाधिकारी तें प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवी. निवाड्याच्या वेळीं हजर असणाऱ्यास ही मुदत अवघी सहा आठवड्यांची होती. दुसरी अट अशी कीं, रक्कम घेतांना निषेध नोंदविलेला असावा. ज्यांनीं मुकाट्यानें सही करून पैसे उचलले त्यांचा वाढीव मोबदल्याचा हा मार्ग बंद झाला. 'निषेध राखून' या दोन शब्दांवर लाखोंचा फरक पडला. १९८४ सालीं कायद्यांत २८-अ हें कलम आलें, आणि अर्ज न केलेल्यांसही, शेजाऱ्यास न्यायालयानें वाढवून दिलेल्या दराच्या आधारें, तीन महिन्यांत मागणी करण्याची वाट मिळाली. पण तीही पुष्कळांस वेळेवर कळली नाहीं.

१ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा नवा कायदा लागू आहे. त्यांत मोबदल्याचे वाद स्वतंत्र प्राधिकरणाकडे जातात, आणि संपादनाच्या बाबतींत दिवाणी न्यायालयांत सामान्य दावा चालत नाहीं. दाद मागावयाची तर प्राधिकरणाकडे, अथवा रिट अर्जानें उच्च न्यायालयाकडे. तरीही कोणी "दावा लावून संपादन थांबवितों" असें सांगून पैसे मागूं लागला, तर त्यास प्रथम हें कलम दाखविण्यास सांगावें.

आतां वारस दाखल्याविषयीं. मूळ खातेदार मयत असल्यास भूखंडासाठीं न्यायालयाचा वारस दाखला मागितला जातो. तो १८२७ च्या त्या आठव्या कायद्याखालीं मिळतो. अर्ज आल्यावर न्यायालय जाहीरनामा काढून हरकती मागवितें. हरकत न आल्यास दाखला देतें. पण त्या कायद्यानेंच सांगितलें आहे कीं दाखल्यानें मालकी मिळत नाहीं. मिळकतीचा कारभार तूर्त कोणी पाहावा एवढेंच त्यानें ठरतें, आणि राहिलेल्या वारसाचा हक्क त्यानें बुडत नाहीं. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबांतील मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा दिला. सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं आणखी स्पष्ट केलें कीं, त्या दिवशीं बाप हयात असलाच पाहिजे असें नाहीं. बहिणीचें नांव गाळून मिळविलेला दाखला म्हणजे पुढील दाव्याचें बीं होय. बहीण खुषीनें हिस्सा सोडीत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावें. सोडीत नसेल तर तिचें नांव लिहावें. दि. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. आतां एकेका भूखंडाच्या किंमतीपुढें भाऊबीजेचें ताट किती दिवस टिकेल, हा प्रश्न आहे.

तडजोड

संहितेचें ८९ वें कलम न्यायालयासच सांगतें कीं मिटण्याजोगा दावा मध्यस्थीकडे अथवा लोकअदालतीकडे पाठवावा. लोकअदालतींतील निवाडा हुकूमनाम्याच्या तोडीचा असतो, त्यावर अपील नसतें, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपील नसल्यामुळें सही करण्यापूर्वीं प्रत्येक ओळ वाचून घ्यावी. स्त्रियांस, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस व अल्प उत्पन्नाच्या माणसांस विधि सेवा समितीकडून वकील विनामूल्य मिळतो. स्त्रियांस त्यासाठीं उत्पन्नाची अट नाहीं. पनवेलसारख्या तालुक्याच्या न्यायालयांत ही समिती असते, तेथें अर्ज करावा.

वकिलाच्या बाबतींत दोन शब्द. वकीलपत्रावर सही करितांना कोऱ्या कागदांवर सह्या देऊं नयेत. प्रत्येक दाव्यास १६ अक्षरांकांचा सी. एन. आर. क्रमांक असतो, तो लिहून घेतल्यास पुढील तारीख घरांतील मुलगा मोबाईलवर पाहून सांगूं शकतो. १९९८ सालीं शासनानें मराठी ही जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा जाहीर केली आहे. तेव्हां इंग्रजींतील कागदाचा अर्थ मराठींत विचारण्यास संकोच नसावा.

असो. करंजाड्याच्या त्या गृहस्थांस आम्हीं समन्स परत करूं दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यांच्या धाकट्या भावासही बोलाविलें, आणि काकांच्या खाचराची हकीकत दोघांस सांगितली. दोघे नेमलेल्या तारखेस पनवेलीस गेले. नकला घेतल्या, आणि कैफियत मुदतींत दिली. कैफियतींत बहिणी होत्या ही गोष्ट त्यांनीं नाकारली नाहीं. धाकट्याचें मन वळण्यास त्यापायीं एक रात्र गेली. न्यायालयानें तें प्रकरण मध्यस्थीकडे पाठविलें आहे. निकाल काय होईल हें आम्हांस सांगतां येत नाहीं, आणि हिस्सा तर द्यावा लागेलच असें दिसतें. मात्र गेल्या आठवड्यांत त्यांच्या घरीं गेलों तेव्हां ओटीवर भाचे बसले होते, आणि आंत भाताचा वाफारा सुटला होता.

वाचकांपैकीं कोणाच्या आढ्याला असा कागद खोचलेला असेल, तर तो आजच खालीं काढावा व त्यावरील तारीख वाचावी.